तेलाची मात्रा

रविवार, ४ फेब्रुवारी

आजपासून ही दैनंदिनी. ग्रंथारंभी प्रयोजन सांगावे असा शिष्टसंकेत आहे, म्हणून सांगतो: आमच्या घरातील सव्वीस वर्षे वयाची मोटार तैलप्राशन करू लागली आहे, या संशयाचा निर्णय लावणे. तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवूनही मी आजवर स्वतःहून एकही गोष्ट सिद्ध केलेली नाही. ही पहिली असेल.

संशयाचे कारण असे. आज सकाळी बाबांनी गाडी सुरू केली तेव्हा मागच्या नळीतून निळसर धूर निघाला. बाबांना तो दिसला नाही, कारण ते आरशात पाहत नाहीत. शेजारच्या सीटकडे पाहतात. तिथे आईचा करडा स्वेटर घडी करून ठेवलेला असतो. आईला जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबा आठवड्याचे सहा दिवस खुर्चीत बसतात आणि सातव्या दिवशी त्या स्वेटरला घेऊन तलावाकाठच्या बाकापर्यंत जातात. अर्धा तास बसतात, परत येतात. वय एक्याऐंशी, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो आणि त्यांचा वेग पादचाऱ्यांनाही संकोच वाटावा इतका असतो, म्हणून आम्ही अडवीत नाही.

जेवताना मी राजाज्ञा घोषित केली, "ज्या महिन्यात हे यंत्र एक लिटरहून अधिक तैल भक्षण करील, त्या महिन्याच्या अंती त्यास भंगाररूपी मोक्ष प्रदान करण्यात येईल." सभेत हशा पिकला. म्हणजे मी हसलो.

बाबा म्हणाले, "एक थेंब घेत नाही ती." मग पाणी प्यायले आणि ताट अर्धे टाकून उठले.

ही, म्हणजे माझी पत्नी, भांडी उचलताना म्हणाली, "तुम्ही थट्टा करता. त्यांना त्यातली तारीख तेवढी ऐकू येते."

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चाकांत हवा भरण्याच्या मिषाने गाडी मिस्त्रीकडे नेली. हा गृहस्थ चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवतो आणि इंजिनात डोके घालून बोलतो, त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य गुहेतून आल्यासारखे गंभीर वाटते.

"सर, तेल जायला दोनच वाटा. गळतं, नाहीतर जळतं. गळलं तर जमिनीवर दिसतं. जळलं तर दिसत नाही, नुसतं कमी होत जातं."

आमचे जळते. व्हॉल्व्हची रबरी सीले कडक झाली आहेत; म्हाताऱ्या माणसाचे गुडघे जातात तसे, असे त्याचे भाष्य. उपाय विचारता म्हणाला, काही करू नका. जुने इंजिन एकदा उघडले की पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. तेल बघत राहा, कमी झाले की भरा, दोन वर्षे कुठे जात नाही. तेल मोजायच्या काडीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवे, वरच्या खुणेच्या वर कदापि नको. मी म्हटले, अधिकस्य अधिकं फलम्. तो म्हणाला, ते मला माहीत नाही, पण वर जाऊ नका. काडी कुठे आणि केव्हा पाहावी याविषयीही तो काही सांगत होता. परंतु तोवर मी तैलाच्या द्विविध गतीवर एक श्लोक मनात जुळवीत होतो.

निर्णय: तेल मी भरणार, आणि गुप्तपणे भरणार. 'एक थेंब घेत नाही' हा बाबांचा सिद्धान्त त्यांच्या हयातीत अबाधित राहिला पाहिजे.

हिला सांगितले. ती म्हणाली, "त्यापेक्षा त्यांना सांगून टाका ना, गाडी कुठं जात नाही म्हणून. ती गाडी गेली तर बाबा घराबाहेर पडायचे नाहीत. आणि एकदा बसले की बसले."

खरे आहे. परंतु आज्ञा मागे घेण्याची पद्धत राजेलोकांत नाही. उद्या पाहू.

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रथम तैलदान संपन्न. कार्यपद्धती भावी पिढ्यांसाठी नोंदवून ठेवतो. बाबा साडेदहाला परत येतात आणि थेट स्नानास जातात. स्नान वीस मिनिटांचे. तेवढ्यात फाटकातल्या चढावर नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीचे झाकण उघडावे, काडी उपसावी, पुसावी, बुडवावी, पुन्हा उपसावी. इंजिन तापलेले असल्याने बोट भाजते, ते चोखावे. काडीवरचे तेल खालच्या खुणेपर्यंतही पोचलेले नव्हते. एका आठवड्यात! अनुमानप्रमाणाच्या प्रश्नपत्रिकेचे नरसाळे करून अर्धा लिटर ओतले.

बाबा केस पुसत बाहेर आले तेव्हा मी अंगणात वृत्तपत्र वाचीत होतो. उलटे होते, असे हिचे म्हणणे.

रविवार, १८ फेब्रुवारी

काडी पुन्हा रिती. पुन्हा अर्धा लिटर. असा पिणारा मी केवळ एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात पाहिला होता.

जेवताना बाबांच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ दिसली. विचारले तर म्हणाले, गाडी पुसत होतो. छान. हालचाल वाढली आहे. सध्या रविवारखेरीज मधल्या वारीही गाडीपाशी जाऊन येतात.

हिचे औंसाचे काचेचे माप सापडत नाही. 'हिचे' म्हणजे मूळ बाबांचेच. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षे कंपाउंडर होते ते. निवृत्तीच्या दिवशी त्या दुकानातून तेवढी एक वस्तू मागून आणली. आमच्या बालपणी खोकल्याचे औषध ते आम्हांला त्या मापाने, उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून देत. मात्रा चुकली की औषधाचं विष होतं, हे वाक्य मी वर्णमालेआधी शिकलो. हिने आज दोन कपाटे उपसली. बाबा म्हणाले, असेल कुठंतरी.

रविवार, ३ मार्च

गेल्या रविवारी मी तापाने अंथरुणात होतो, तैलदान चुकले. आज भीतभीत काडी पाहिली. आणि काय आश्चर्य! तेल कमी नाही. गेल्या खेपेपेक्षा किंचित वरच. मी भरले नाही, तरी वाढले. स्वयंभू तैलाची ही बहुधा जगातील पहिली नोंद असावी.

परंतु धूर दुप्पट झाला आहे. आता प्रमाण कोणते मानावे, काडी की धूर? विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवतो: जिथे धूर तिथे अग्नी. जळण्यावाचून धूर नाही. जळते ते तेल. म्हणजे तेल कमी होत आहे. म्हणजे काडी मिथ्या. तर्क निर्दोष आहे. अर्धा लिटर ओतले.

रविवार, १० मार्च

धूर एवढा, की समोरच्या घरातल्या बाईंनी आमच्याकडे पाहत खिडकी लावून घेतली. पुन्हा अर्धा लिटर.

जेवताना बाबांनी विचारले, "लिटर झालं का रे, महिन्याचं?"

मी म्हटले, निकाल राखून ठेवण्यात आला आहे.

ते हसले नाहीत. जेवण झाल्यावर, फेरी सकाळीच झालेली असताना, बाहेर गेले आणि बराच वेळ गाडीपाशी होते. खिडकीतून फक्त पाठ दिसत होती. वाकलेली.

रविवार, १७ मार्च

गाडी तलावाच्या अलीकडच्या चढावर बंद पडली. बाबा बाकापर्यंत पोचले नाहीत. कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी मला कळवले, "ती थांबलीय." आवाज असा, की माझ्या मनात क्षणभर आईच्या वेळचा फोन आला.

मिस्त्रीने दोर लावून गाडी नेली. खाली रस्त्यावर तेलाचा पट्टा उमटला होता. आता गळतही होते आणि जळतही होते. दोन्ही वाटा.

सोमवार, १८ मार्च

जसे घडले तसे लिहितो.

गॅरेजमध्ये बाबा स्टुलावर बसले होते, स्वेटर मांडीवर. मिस्त्रीने गाडी सपाट फरशीवर ढकलून आणली, काडी काढली आणि नुसती धरून उभा राहिला. तेल वरच्या खुणेच्या चार बोटे वर होते.

"कोण भरतंय हो हे?"

त्याने खाली ट्रे सरकवून तेल सोडले, मापात ओतून मोजले. साडेपाच लिटर निघाले. इंजिन चारचे. मग त्याने, मला वर्गात कधी जमले नाही इतक्या सोप्या शब्दांत, सांगितले. तेल जास्त झाले की आतला दांडा ते ताकासारखे घुसळतो. फेस होतो, दाब वाढतो, तेल नको तिथे शिरते आणि जळते. त्याने धूर वाढतो. धूर बघून माणूस आणखी भरतो. शेवटी दाबाने मागचे सील उडते.

"धूर तेल कमी झालं म्हणून नव्हता. जास्त झालं म्हणून होता. आणि काडी कुठं बघता? चढावर? गरम असताना? मग ती कमीच दाखवणार. सपाटीवर बघायची, दहा मिनिटं थांबून. सांगितलं होतं मी."

बाबांनी विचारले, "किती जास्त म्हणालास?"

"दीड लिटर, काका."

"दीड?"

"दीड."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. पाहतच राहिले. काय हवे होते त्यांना, कळले नाही. आपल्या वतीने मी मिस्त्रीशी बोलावे असे वाटले असेल. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "थोडक्यात, यंत्रास अजीर्ण झाले." मिस्त्री भीड म्हणून हसला.

बाबांनी नजर खाली घेतली. मग म्हणाले, "मीच भरलं ते. थोडं थोडं. मला दिसत नाही नीट."

त्यांनी खिशातून किल्ली काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवली. स्वेटर झटकला, पुन्हा घडी केली, बाहेर जाऊन उभे राहिले.

मी तेव्हा सांगू शकत होतो. दोघे भरत होतो, एकमेकांपासून लपवून. ते, मी गाडी विकू नये म्हणून आणि मी, गाडी पिते हे त्यांना कळू नये म्हणून. त्यांची चूक निदान डोळ्यांची होती. माझी तर्काची. ती एका मिस्त्रीसमोर कबूल करणे जड गेले. एवढेच कारण. दुसरे शोधून पाहिले, नाही.

गुरुवार, २१ मार्च

बाबांस निवेदन करावयाचे मजकूर:

एक. 'तात, प्रस्तुत प्रकरणी दोषाचे विभाजन करू जाता अधिकांश मजकडे येतो.'

दोन. 'एकाच कार्यास दोन कारणे असू शकतात, हे सोदाहरण स्पष्ट करण्याची संधी आपण उभयतांनी...'

हिने खांद्यावरून वाचले. म्हणाली, "हे तुम्ही त्यांना सांगताय की परीक्षकाला? साधं म्हणा, बाबा, मीही भरत होतो. चार शब्द आहेत."

चारच आहेत. मोजले. संध्याकाळी त्यांच्या खुर्चीपर्यंत गेलो. चहा हवा का, असे विचारून परत आलो.

रविवार, ३१ मार्च

सकाळी नवाला बाबांनी बूट घातले. नाड्या बांधल्या. उठून दारापर्यंत गेले आणि फाटकातल्या रिकाम्या चढाकडे पाहत राहिले. मग परत येऊन बसले आणि नाड्या सोडल्या.

मी म्हटले, टॅक्सीने जाऊ तलावावर. म्हणाले, नको, तिला परक्या गाडीत मळमळायचं. 'तिला' म्हणजे आईला. मिस्त्री म्हणतो इंजिन दुरुस्त होईल, पण सीले बाहेरून मागवावी लागतील, महिना-दीड महिना लागेल. हे बाबांना सांगितले. त्यांनी मान हलवली, जशी ते दुकानात गिऱ्हाइकापुढे हलवीत, औषध येणार नाही हे ठाऊक असताना.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

सोमवार, ८ एप्रिल

बाबांना ताप. छातीत कफ. डॉक्टर घरी येऊन गेले. दिवसभर बसून राहिल्याने छाती भरते म्हणाले, चालवा यांना. कुठे चालवू?

दुपारी औषध द्यायला गेलो. चमच्याने देत होतो. बाबा चमच्याकडे पाहत म्हणाले, "चमचा सगळ्या घरांत सारखा नसतो. मापाने द्यावं." मग जरा थांबून विचारले, "तुला काही सांगायचंय का मला?"

चार शब्द जिभेच्या टोकावर होते. मी म्हटले, "हो. डॉक्टरांचे हस्ताक्षर ही एक स्वतंत्र लिपी आहे."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बरं. पडतो जरा."

शुक्रवार, १९ एप्रिल

बाबा गेले. परवा, बुधवारी दुपारी. मी वर्गात होतो. धूर आणि अग्नी शिकवत होतो.

सकाळी निघताना ठरवले होते, आज परत आलो की सांगायचे.

रविवार, ५ मे

मिस्त्रीने काल गाडी आणून दिली. म्हणाला, इंजिन उत्तम आहे, नवी सीले बसवली, आता एक थेंब घ्यायची नाही. सोबत एक पिशवी दिली. "काकांचं आहे. डिकीत चटईखाली होतं."

पिशवीत तेलाचा एक लिटरचा डबा, आणि जुन्या गंजीफ्रॉकात गुंडाळलेले औंसाचे काचेचे माप. डब्याच्या बाजूला, जिथून आतले तेल दिसते तिथे, बाबांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. पूर्वी औषधाच्या बाटलीला लावत तशी, कडेला कात्रीने खाचा पाडलेली. एक खाच, एक मात्रा. तेल तेराव्या खाचेपर्यंत उतरलेले. म्हणजे तेरा औंस. अर्धा लिटरसुद्धा नाही. बाकी डबा भरलेला.

खाचा पुन्हा मोजल्या. तेराच.

दीड लिटर जास्त, असे मिस्त्री म्हणाला होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे थेंब मोजले, त्याला आपण किती ओतले हे ठाऊक होते. म्हणून दोनदा विचारले. दीड? मिस्त्रीने हात पुसायच्या आत त्यांची वजाबाकी झालेली होती. गाडीला हात लावणारा घरात दुसरा कोण, हेही त्यांना माहीत होते. म्हणून माझ्याकडे पाहिले. काही हवे नव्हते त्यांना. थांबले होते. मी बोलेन म्हणून.

मी अजीर्णाचा विनोद केला. मग त्यांनी सगळे आपल्या अंगावर घेतले. डोळ्यांचे निमित्त केले. त्या डोळ्यांना पट्टीवरच्या खाचा दिसत होत्या.

आणि तापात पुन्हा एकदा विचारले. सांगायचंय का.

आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सिद्ध झाली. ही वही तेवढ्यासाठीच घेतली होती.

रविवार, १२ मे

सकाळी गाडी काढली. शेजारच्या सीटवर आईचा स्वेटर ठेवला. धूर नव्हता. हिला चल म्हटलं, ती म्हणाली, तुम्ही जाऊन या.

बाबांच्या वेगाने गेलो. सगळे पुढे निघून गेले.

बाकाच्या एका बाजूचा रंग उडालाय, दुसरी बाजू तशीच आहे. मी रंग उडालेल्या बाजूला बसलो. पाणी खाली गेलंय. अर्धा तास झाल्यावर मोठ्याने म्हटलं, "बाबा, मीही भरत होतो." दोनदा म्हटलं. जवळ कोणी नव्हतं.

तिथली जमीन सपाट आहे. इंजिन गार झालं होतं. झाकण उघडलं, काडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

काही भरायचं नव्हतं. तरी बराच वेळ काडी हातात धरून उभा होतो.